आतल्या खोलीतलं हळदीकुंकू

बेडोक, सिंगापूर
रथसप्तमीच्या आदल्या दिवशी, दुपारी

प्रिय आई,

"पत्ता आधी, मजकूर नंतर," असं तुम्ही म्हणायचात. कराडच्या पोस्टात अठ्ठावीस वर्षं सॉर्टिंग केलेल्या बाईला बिनपत्त्याचं पत्र म्हणजे अपमानच. आज माझी पंचाईत झाली आहे. तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. माझा मात्र आहे, म्हणून वर तोच लिहिला.

आजच का लिहिते आहे? संध्याकाळी पाच वाजता माझ्याकडे हळदीकुंकू आहे. तिळगूळ झालाय, वाण मांडून ठेवलंय, रेवा शाळेतून यायला अजून दोन तास आहेत. हातात काम उरलं नाही आणि हात काही स्वस्थ बसेनात. गेल्या वर्षी सेंगकांगला, निखिलच्या घरातल्या हळदीकुंकवाला, बसत नव्हते तसेच. आता कशाला, मला तरी काय माहीत! घरात कॅमेरा नाही, निखिल नाही, कोणी घड्याळ लावून बसलेलं नाही. पण शरीराला हे अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.

आई, आधी भांडण काढते. मनात ठेवून गोड बोलणं मला जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी तुम्हाला पॉलिक्लिनिकमधून फोन केला होता. निखिलने कपाटाच्या दारात माझा हात चेंगरला होता. मुद्दाम. मला वाटलं होतं, तुम्ही त्याची आई आहात, त्याला दोन शब्द सुनवाल. तुम्ही म्हणालात, "डॉक्टरांना सांग, बाथरूममध्ये पाय घसरला. आणि थोडं सोसायला शिक." इतक्या सराईतपणे म्हणालात की मला तेव्हाच कळायला हवं होतं, हे वाक्य तुमच्या तोंडात बसलेलं आहे. पण तेव्हा मला फक्त राग आला. पुढे पाच वर्षं मी तुम्हाला आपणहून फोन केला नाही. माझ्या आईने तर "आता तेच तुझं घर" म्हणून विषयच संपवला होता, त्यामुळे फोन करायला तसं कोणी उरलंही नव्हतं.

मग तुम्ही तीन महिन्यांसाठी इकडे आलात. खरं सांगू? एअरपोर्टवर तुम्हाला बघून मला धडकी भरली होती. एक होता, आता दोन झाले, असं वाटलं. तुमच्या बॅगेतून मेतकूट निघालं, रेवासाठी झबलं निघालं, ते तिला चार वर्षांपूर्वी बसलं असतं, आणि मी सगळ्याला छान छान म्हणत राहिले.

तुम्हाला आठवतंय, चौथ्या दिवशी काय झालं? मी खाली भाजी आणायला गेले होते. मी बाहेर पडले की निखिल फोनवर वीस मिनिटांचा टायमर लावायचा. त्या दिवशी दुकानात रांग होती आणि मला सव्वीस मिनिटं लागली. परत आले तर दार आतून बंद. सहा मिनिटं उशीर, म्हणून सहा मिनिटं बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं राहायचं, असा घरचा कायदा होता. समोरची मलाय आजी कुंड्यांना पाणी घालत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि नजर कुंडीत घातली.

आत तुम्ही विचारलंत, अनघा बाहेर का उभी आहे? उत्तर निखिलने दिलंच नाही. ते आपल्या पाच वर्षांच्या रेवाने दिलं. "आजी, ममा लेट लाह. सो टाइम-आउट." तुम्हाला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण तेवढं कळलं. मी आत आले तेव्हा तुम्ही पोरीकडे बघत होतात, मुलाकडे नाही.

त्या संध्याकाळी त्याने मला आत नेऊन खोलीचं दार लावलं आणि तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात. हे मी विसरलेले नाही, आई. विसरणारही नाही. पण दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत आणि मिक्सर सुरू केलात. निखिल ऑफिसातून फोनवर बघायचा त्या हॉलमधल्या कॅमेऱ्याला आवाजही ऐकू येतो, हे चार दिवसांत तुमच्या लक्षात आलं होतं. मला ते कळायला चार महिने लागले होते. शेंगदाणे गरगर फिरत होते आणि तुम्ही माझ्या कानाशी तोंड आणून म्हणालात, "तुझे सासरे गेले तेव्हा मी रडले नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय." मग मिक्सर बंद करून, झाकण उघडून बघितलंत आणि मोठ्याने म्हणालात, "अजून जरा बारीक हवं."

त्या महिन्यात आपल्या घरात किती चटण्या झाल्या! शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची, लसणाची, सुक्या खोबऱ्याची. निखिल खूश होता. "आई आल्यापासून जेवणाला चव आली," म्हणाला. त्याला काय ठाऊक, प्रत्येक चटणीत काय काय वाटलं गेलंय!

सगळ्यात वाईट बातमी त्यानेच जेवताना सांगितली, लोणच्याची बरणी पुढे सरकवल्यासारखी. तुमचं परतीचं विमान फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात होतं आणि त्याने तुमच्या शेजारी रेवाचं तिकीट काढलं होतं. ती पुण्याला त्याच्या बहिणीकडे राहणार, तिथेच शाळेत जाणार. आणि मी? या देशात राहायचा माझा पास त्याच्या नोकरीच्या पासवर अवलंबून. "एका ईमेलचं काम आहे," तो म्हणाला. म्हणजे पोर तिकडे, मी कुठेच नाही. पासपोर्ट दोघींचे त्याच्या तिजोरीत. मी ताटातला भात चिवडत होते आणि तुम्ही म्हणालात, "बरं झालं, मला सोबत होईल." माझ्या हातातला घास गळून पडला. तुम्ही वाढपाच्या निमित्ताने माझ्या पायावर पाय दिलात, चांगला जोरात.

दुसऱ्या दिवशी कारळ्याची चटणी. "मी पोस्टात अठ्ठावीस वर्षं काढली," तुम्ही म्हणालात. "एक पाकीट चुकीच्या पत्त्यावर जाऊ दिलं नाही. नातीला नेऊन टाकीन होय?"

आई, त्या एका वाक्यावर मी तुमचा तो फोन माफ केला. टीव्हीचा आवाज नाही केला. तो वेगळा हिशेब.

तिजोरी आतल्या खोलीतल्या कपाटात होती, सहा आकड्यांची. एके दिवशी तुम्ही पाटल्या काढून निखिलला दिल्यात आणि म्हणालात, परक्या देशात हातात नकोत रे, ठेव तुझ्याकडे. त्याने तुमच्यासमोरच तिजोरी उघडली. बोटं लपवायचं त्याच्या मनातही आलं नाही. ज्या आईला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवता येत नाही, तिच्यापासून काय लपवायचं? तुम्ही स्वयंपाकघरात येऊन मिक्सरच्या आवाजात म्हणालात, "सहा आकडे म्हणजे आम्हाला पिनकोड. शंभर गावांचे पाठ होते, हे एक गाव जास्त."

आकडे मिळाले, पण कागद घराबाहेर काढायचे कसे? तो घरात असताना खोलीत जाता येत नव्हतं. तो बाहेर असताना कॅमेरा. मी खोलीत पाच मिनिटं जास्त राहिले तरी फोन यायचा, काय करतेस आत? तेव्हा तुम्हाला हळदीकुंकू सुचलं. सुचलं तुम्हाला, ज्यांना नऊ वर्षांत कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं!

मला आधी कळलंच नाही. तुम्ही समजावलंत, लहान मुलाला समजावतात तसं. हळदीकुंकू असलं की पुरुष आपण होऊन बाहेर जातात. बायका जमल्या की गलका होतो. येणारी प्रत्येक बाई हातात वाण घेऊन जाते, आणि कुठली पिशवी कोणाला, हे कोणी विचारत नाही. "आणि मी?" तुम्ही म्हणालात, "मी विधवा. मी आतच बसणार. तास दीड तास आत बसले तरी कोणाला नवल वाटणार नाही. माझ्या मुलाला तर नाहीच."

किती शांतपणे म्हणालात! मला तेव्हा काटा आला होता, आज लिहिताना रडू येतंय.

निखिलने परवानगी दिली, कारण त्याच्या ऑफिसातल्या कुलकर्णींच्या मिसेस, कुलकर्णीवहिनी, येणार होत्या. चारचौघांत घर छान दिसलेलं त्याला आवडायचं. तुम्ही बारा कापडी पिशव्या हाताने शिवल्यात. त्यातल्या एकीला दुहेरी तळ होता आणि काठाला निळी पट्टी. ती वैशालीची. रेवाच्या रविवारच्या मराठी वर्गाची शिक्षिका, ईस्ट कोस्टला राहणारी, आणि या देशात मला एकटीने भेटता येणारी एकमेव बाई. वर्गाच्या दारात चपला घालता घालता मी तिला सगळं सांगितलं होतं. तिने फक्त विचारलं, "कुठल्या रंगाची पिशवी?"

शनिवारी बायका आल्या. निखिल खाली कॉफी शॉपमध्ये बसायला गेला, फोन हातात घेऊन. तुम्ही रेवाला घेऊन आतल्या खोलीत गेलात आणि दार लोटून घेतलंत. मी हळद लावत होते, कुंकू लावत होते, आणि माझे कान त्या दाराला चिकटले होते. दहा मिनिटांत फोन वाजला. निखिल. "आई कुठे दिसत नाही?"

"आत बसल्यात," मी म्हटलं. "हळदीकुंकू चाललंय ना."

"बरोबर," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

बरोबर! जन्मदात्या आईला सणाच्या दिवशी आत बसवलंय, हे त्याला बरोबर वाटलं. पण त्याच शब्दावर आपण सुटलो, आई. त्याच्या जागी एखादा बरा मुलगा असता तर म्हणाला असता, त्यांनाही बाहेर बोलाव. मग मात्र आपलं काही खरं नव्हतं.

तिजोरीचा प्रत्येक आकडा दाबला की टीं वाजतं, हे आपण दोघीही विसरलो होतो. पहिला टीं बाहेर हॉलपर्यंत आला. वैशालीने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि एकदम टाळ्या वाजवायला लागली. "उखाणा! यजमानीणबाई, नाव घ्या!" सगळ्या बायका मागे लागल्या. आणि मी घेतलं, आई. कुठून सुचलं देव जाणे.

"चांदीच्या वाटीत हलव्याचा दाणा, निखिलरावांचं नाव घेते, कान इकडे आणा!"

बायका हसल्या, टाळ्या पडल्या, आत उरलेले आकडे वाजून गेले. ज्याची तिजोरी उघडत होती त्याचंच नाव मी लाजत घेत होते. यापुढे कोणी मला उखाण्यांना नावं ठेवताना दिसलं तर भांडेन.

पिशव्या आत तुमच्यापाशी होत्या. मी दोन दोन करून बाहेर आणल्या. निळ्या पट्टीची शेवटून तिसरी होती. वैशालीला द्यायला मी ती हातात घेतली, तेवढ्यात कुलकर्णीवहिनी उठल्या. "अय्या, मला ती निळी दे ना. माझ्या ड्रेसला जाते." आणि घेतलीसुद्धा! माझं डोकं बंद पडलं. नाही म्हणू तर कशासाठी? देऊ तर आमचे दोन पासपोर्ट, रेवाचा जन्मदाखला आणि पॉलिक्लिनिकचे कागद थेट निखिलच्या ऑफिसातल्या माणसाच्या घरी. वहिनी आत हात घालून वाणाची वाटी चाचपायला लागल्या.

तेव्हा आतलं दार उघडलं आणि तुम्ही बाहेर आलात.

बारा सवाष्णींच्या मधून तुम्ही पांढऱ्या कपाळाने चालत आलात, कॅमेऱ्याच्या अगदी समोरून. वहिनींच्या हातातून पिशवी घेतलीत आणि म्हणालात, "हिची शिवण उसवली आहे. उसवलेलं वाण देऊ नये. तुम्ही ही हिरवी घ्या." हिरवी त्यांच्या हातात, निळी माझ्या हातात. तुमचा चेहरा पोस्टाच्या खिडकीतल्या बाईचा होता, पुढचा कोण, असं विचारणारा.

लगेच फोन. स्पीकरवर लावायची माझी इच्छा नव्हती, पण बोट चुकलं आणि सगळ्या बायकांनी ऐकलं. "आईला आत जायला सांग. लोक काय म्हणतील?"

तुम्ही फोनकडे बघितलंत. "जाते रे," म्हणालात आणि गेलात. हॉलमध्ये त्या क्षणी काय झालं, ते मला नीट सांगता येणार नाही, पण एकीनेही मान वर केली नाही. कुलकर्णीवहिनींनीही नाही. वैशालीने मग निळी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली, खांद्याला लावली आणि कॅमेऱ्याखालून सगळ्यांबरोबर निघून गेली.

बायका गेल्यावर मी स्वयंपाकघरात करंडा घेऊन तुमच्यापाशी आले. बोट कुंकवात बुडवलेलं होतं. तुम्ही मान मागे घेतलीत. मला वाटलं, रूढी. पण तुम्ही हळूच म्हणालात, "आत्ता नको. तो वर येईल, कपाळ बघेल."

"मग कधी?"

"तुझ्या घरी," तुम्ही म्हणालात. "तुझं घर झालं की लाव."

सोमवारी सकाळी मी रेवाला शाळेत सोडायला निघाले, रोजच्यासारखी. हातात फक्त तिची पाण्याची बाटली. तुमच्या पाया पडायचं होतं, पण शाळेला जाताना रोज कोण सासूच्या पाया पडतं? कॅमेरा बघत होता. तुम्ही स्वयंपाकघरातून म्हणालात, "छत्री घे गं." मी मागे वळूनही बघितलं नाही. छत्रीही घेतली नाही. एलआरटी ट्रेनमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की तुमचं शेवटचं सांगणंही मी ऐकलं नाही.

तो टायमर संपल्यावर तुम्ही त्याला सांगितलंत, टीचरने थांबवून घेतलंय. मग सांगितलंत, रेवाला ताप आहे, डॉक्टरकडे गेलीय. इथे येईपर्यंत जन्मात पोराशी खोटं न बोललेल्या बाईने तीन तास खोटं बोलून आम्हाला वैशालीपर्यंत, मग पोलिसांपर्यंत, मग बायकांच्या निवाऱ्यापर्यंत पोचवलं. तो पत्ता कोणालाच सांगत नाहीत. तुम्हालाही मी सांगू शकले नाही.

आणि तुम्ही त्या घरात एकट्या राहिलात. आई, माझ्याबरोबर का आला नाहीत? मी मिक्सरच्या आवाजात दोनदा विचारलं होतं. "दोघी गेलो तर पाच मिनिटांत कळेल," म्हणालात. हे खरं होतं. पण एवढंच खरं होतं का?

पंधरा दिवसांनी कराडहून तुमचा फोन आला. बोलता बोलता हाताला प्लास्टर असल्याचं निघालं. मी विचारलं, काय झालं? आणि तुम्ही म्हणालात, "काही नाही गं, बाथरूममध्ये पाय घसरला."

मला! मला सांगितलंत हे, आई? ते वाक्य तुम्हीच मला दिलं होतं. ते मी डॉक्टरांना सांगितलं होतं, शेजारणीला सांगितलं होतं, माझ्या आईला सांगितलं होतं. आणि तुम्हाला वाटलं, मी ते ऐकून गप्प बसेन? मी रडत होते, तुम्ही पलीकडून विचारत होतात, रेवा जेवते का. शेवटपर्यंत तुम्ही खरं काय ते बोलला नाहीत. याबद्दल माझा तुमच्यावर राग आहे, आणि तो मी जपून ठेवला आहे. कारण त्याखाली दुसरं काही आहे. माझ्या वाटणीचं तुम्ही घेतलंत, आणि मी घेऊ दिलं.

गणपतीनंतर तुम्ही गेलात, झोपेतच. मला कोणी कळवलं नाही. तुमच्या शेजारच्या काकूंनी दहावा झाल्यावर फोन केला. केस चालू होती, देश सोडता येत नव्हता, आणि आले असते तरी नणंदबाईंनी दारात उभं केलं असतं की नाही, कोणास ठाऊक. त्या दिवशी मी मिक्सर लावला आणि नुसताच चालू ठेवला. रेवा म्हणाली, "ममा, नथिंग इनसाइड."

आता बातमी सांगते. गेल्या महिन्यात निकाल लागला. रेवा माझ्याकडे. वन-नॉर्थला एका ऑफिसात मला नोकरी आहे, पास माझ्या स्वतःच्या नावाचा आहे, कोणाच्या ईमेलवर लटकलेला नाही. बेडोकला टॅन आंटींच्या घरात आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. आंटींचे यजमान जाऊन वीस वर्षं झाली. आज सकाळी मी त्यांना घाबरत घाबरत विचारलं, संध्याकाळी सगळ्यांना कुंकू लावणार आहे, तुम्हाला लावलं तर चालेल का? आमच्याकडे विधवांना लावत नाहीत, हेही सांगून टाकलं. त्यांनी हातातला चहा बाजूला ठेवला. "व्हाय कॅनॉट? हजबंड डाय, नॉट मी डाय."

आई, हे ऐकायला तुम्ही हव्या होतात. तुम्ही तोंडावर पदर घेऊन हसला असतात.

तर आता शब्द देते. माझ्या घरी आतली खोली आहे, पण तिथे कोणी बाई बसणार नाही. पाच वाजता सगळ्या आल्या की पहिलं बोट तुमच्या कपाळाला. तुमच्या फोटोला काच आहे, कुंकू घसरेल, म्हणून रेवाने आधीच ओल्या हळदीचा ठिपका देऊन ठेवलाय, आणि आंटींना दुसरा नंबर लागणार म्हणून तिने त्यांना सांगूनही टाकलंय. दर संक्रांतीला हे असंच होईल, मी असेपर्यंत, आणि माझ्यामागे रेवा करील. तुम्ही म्हणाला होतात ना, तुझ्या घरी?

घर झालंय, आई. आता मान मागे घेऊ नका.

आणि छत्री आता रोज घेते.

तुमची सून,
अनघा